बोलण्यात मागे असलेलं लेकरू आणि झोपेतला ईईजी : कधी काढायचा, कसा काढायचा, काय वाचायचं

ध्वनिवेल (वाचा-भाषा उपचार, नागपूर)

वाचा-उपचाराला येणाऱ्या पालकांच्या फायलीत दोन कागद हमखास सापडतात, एक बेराचा आणि एक ईईजीचा. दोन्ही मुलाला झोपवून काढलेले, त्यामुळे घरात दोन्हींचं नाव एकच पडतं, 'झोपेची टेस्ट'. दोन्ही नॉर्मल आले की आजी विचारते, "मग बोलत का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या दोन कागदांत नसतं, एवढंच.

बेरा म्हणजे आवाज कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत पोचतो की नाही, याची तपासणी. पुढे मेंदू त्या आवाजाचा अर्थ लावतो का, हे बेराला कळत नाही. ईईजी टाळूवरून मेंदूच्या सालीतल्या विद्युत लहरी टिपतो. त्यात झटक्यांकडे कल असलेली हालचाल दिसते, झोपेचे टप्पे दिसतात. पण 'हे मूल वाक्यं का जोडत नाही' हे ईईजीत लिहिलेलं नसतं.

आता डीएलडी, म्हणजे विकासात्मक भाषादोष. पूर्वी याला एसएलआय म्हणायचे. २०१६-१७ मध्ये डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी एकमताने नाव आणि निकष बदलले. भाषेची अडचण टिकून राहणारी हवी, रोजच्या व्यवहारात किंवा शाळेत अडवणारी हवी, आणि बहिरेपणा, स्वमग्नता, अपस्मारामुळे गेलेली वाचा असं ठरावीक कारण मागे नको. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांत हे प्रमाण ७.५८ टक्के निघालं. तीसच्या वर्गात दोन मुलं धरा. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकल्यामुळे डीएलडी होत नाही, हे नागपुरात वेगळं सांगावं लागतं म्हणून सांगते.

निदान भाषेच्या तपासणीतून होतं. मराठीत आम्ही पाहतो ते असं: 'घोड्याला' ऐवजी 'घोडाला' म्हणतं का, 'मी पोळी खाल्ली, आंबा खाल्ला' यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं का, चार-पाच अक्षरी बनावट शब्द ऐकून परत म्हणता येतो का, 'बाबांनी ज्याला हाक मारली तो मुलगा' यातला मुलगा चित्रात दाखवता येतो का. वय, घरची बोली आणि शाळेचं माध्यम धरूनच हे सगळं तोलायचं. घरी वऱ्हाडी बोलणारं मूल 'मले', 'तुले' म्हणालं तर ती चूक नव्हे.

मग झोपेतला ईईजी कोणाला? हा धागा त्यासाठी. जाणकारांनी लिहावं. मेंदूआलेख, तुम्ही तयारीवर लिहा, बहुतेक गडबड तिथेच होते.

---

बालचेता (बालमेंदूविकार)

ध्वनिवेलताई, मी इतिहासातल्या एकाच प्रश्नापासून सुरू करतो. भाषा कधीच नीट आली नाही, की आलेली गेली?

कधीच नीट आली नाही, पण सावकाश का होईना पुढे सरकते आहे, झटके नाहीत, अंगाची एक बाजू कमजोर नाही, डोक्याचा घेर ठीक, ऐकू नीट येतं. अशा मुलाला ईईजीने काही मिळत नाही. सरसकट काढू नये.

आलेली भाषा गेली, किंवा वर्षभर जागीच थांबली, तर झोपेचा ईईजी हवाच. निव्वळ जागेपणीचा काढून 'नॉर्मल' लिहिलेला कागद अशा वेळी निरुपयोगी असतो. १९५७ साली विल्यम लँडाऊ आणि फ्रँक क्लेफनर यांनी वर्णन केलेला आजार इथे पहिल्यांदा मनात यायला हवा. मूल साधारण तीन ते आठ वर्षांचं, तोवर बोलणं बरं. मग हाक मारली तरी वळत नाही, 'बहिरं झालं' असं वाटतं. बेरा नॉर्मल येतो. कारण कान चालू असतात, शब्द ओळखणारा मेंदूचा भाग बंद पडलेला असतो. दाराची घंटाही पुढे ओळखू येईनाशी होऊ शकते. बोलणं मागाहून जातं. साधारण पाचापैकी एका मुलात झटके कधीच दिसत नाहीत, त्यामुळे 'फिट आली नाही ना, मग ईईजी कशाला' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

१९७१ मध्ये पात्री, लियागुबी आणि तासिनारी यांनी झोप लागताच स्पाइक-लहरींनी (स्पाइक म्हणजे आलेखात अचानक उठणारं अणकुचीदार टोक) आलेख भरून जातो अशी मुलं नोंदवली. त्यालाच पुढे ईएसईएस नाव पडलं. २०२२ पासून इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीच्या वर्गवारीत ईई-स्वॉस आणि डीईई-स्वॉस ही नावं आहेत (झोपेत स्पाइक-लहरी वाढून मेंदूचं काम घसरवणारे अपस्मार), लँडाऊ-क्लेफनर हा ईई-स्वॉसचाच एक प्रकार धरतात. रिपोर्टवर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी घोटाळा समजू नका.

स्वमग्नतेतही बोलणं जातं, पण ते बहुधा दीड-दोन वर्षांच्या आसपास, आणि सोबत नजरेला नजर देणं, बोट दाखवणं हेही कमी होतं. वय विचारलं की निम्मी वाट कळते.

---

मेंदूआलेख (ईईजी तंत्रज्ञ)

तयारीवर लिहितो. आलेख वाया जाण्याची कारणं बहुतेक वेळा मशीनच्या बाहेरची असतात.

केस. आदल्या रात्री शाम्पूने दोनदा धुवा. तेल, कंडिशनर, जेल काही नाही. आपल्याकडे पोराला बाहेर न्यायचं म्हटलं की पहिल्यांदा डोक्यावर तेल थापतात, आणि ते नेमकं चुकतं. टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा पाच किलोओहमच्या आत हवा. तेलाचा थर असला की तो उतरत नाही, त्यातही एका इलेक्ट्रोडखाली कमी आणि शेजारच्याखाली जास्त राहिला की खोलीतली ५० हर्ट्झची वीज आलेखात शिरते. कपाळावरची काजळाची तीट पुसून या, पुढचे दोन इलेक्ट्रोड तिथेच लागतात. घट्ट वेणी, क्लिपा घरीच सोडा. मुंडण झालेलं असेल तर आमची चांदी, फक्त वस्तऱ्याचे ओरखडे सुकलेले हवेत.

झोप. तीन वर्षांखालचं मूल रोज ज्या वेळी दुपारी झोपतं ती वेळ मागून घ्या आणि त्या दिवशी सकाळची डुलकी टाळा. त्याहून मोठ्याला रात्री दोन तास उशिरा झोपवा, पहाटे दोन तास लवकर उठवा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला रात्री चार-पाच तासच झोप द्या. रात्रभर जागवायची गरज नाही. अति थकलेलं मूल चिडतं, रडून गाढ झोपी जातं आणि पेंगण्याचा टप्पा हातचा निसटतो.

प्रवास. सगळ्यात जास्त आलेख इथे बिघडतात. दुचाकीवर, ऑटोत, एसटीत मूल वीस मिनिटं डुलकी घेतं आणि टेबलावर आल्यावर टक्क जागं! सोबत दुसरं मोठं माणूस हवं, त्याचं काम एकच, लेकराला बोलतं ठेवणं.

खाणं. बेशुद्धीचं किंवा गुंगीचं औषध ठरलेलं नसेल तर हलकं जेवू घाला. उपाशी पोर झोपत नाही. औषध ठरलं असेल तर उपाशी ठेवण्याचे तास डॉक्टर सांगतील तेवढेच, त्यात कमीजास्त नको. झटक्यांची गोळी चालू असेल तर परस्पर बंद करू नका.

सोबत रोजची गोधडी, बाटली, आवडतं खेळणं आणा.

मूल जागं असतानाच वायरी लावतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फितीने मोजून १० आणि २० टक्क्यांवर खुणा, मग टाळू हलकी घासून पेस्ट. १९ टाळूवर, दोन कानांवर, एक ग्राउंड. झोपेचे टप्पे नीट ओळखायचे असतील तर डोळ्यांजवळ दोन, हनुवटीवर एक जोडी आणि छातीवर ईसीजी. यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, मग बाटली, मग दिवा मंद.

उन्हाळ्याबद्दल वेगळं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पंख्याखाली आलेख काढला तर घामामुळे अर्ध्या हर्ट्झच्या आसपासची डुलणारी रेघ सगळ्या चॅनेलवर येते. नवखा माणूस तिला गाढ झोपेच्या संथ लहरी समजतो. कूलर त्याच खोलीत असला तर मोटरची गुणगुण वेगळी. एसी हवा. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर आलं की गुणगुण वाढते का ते पाहा, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर घेऊन फरक कळतो.

थोपटणं! आई झोपवताना पाठीवर सेकंदाला दोन-तीन थापा देते. आलेखात अगदी तालात लहरी उमटतात, झटका चालू आहे असं वाटावं अशा. थांबवू नका, पण थोपटणं सुरू आणि बंद झालेली वेळ आलेखावर लिहा. बाटली चोखणं, उचकी, रडल्यानंतरचे हुंदके, झोळीचा झोका, सगळ्यांची खूण करा. नंतर आठवणीवर विसंबू नये.

नोंद किमान अर्धा तास झोपेची, त्यात दुसरा टप्पा (पेंगण्यानंतरची हलकी झोप) तरी यायलाच हवा. जमेल तर गाढ झोपही. मग आपसूक जाग येईपर्यंत चालू ठेवा आणि जागं झाल्यावर पाच मिनिटं आणखी. वेग ३० मिलिमीटर प्रति सेकंद. संवेदनशीलता जागेपणी मिलिमीटरला ७ मायक्रोव्होल्ट ठीक, पण लहान मुलांच्या संथ लहरी मोठ्या असतात, झोपेत १० किंवा १५ वर आणा. नाहीतर रेघा एकमेकांत घुसतात आणि त्यात स्पाइक दिसत नाही.

---

वैनगंगा (विशेष शिक्षक, भंडारा)

मेंदूआलेख, फार कामाचं. गडचिरोली, गोंदियाकडून येणाऱ्यांसाठी एक भर. पहाटेची गाडी पकडून दुपारच्या नंबरला यायचं म्हटलं तर लेकरू वाटेत झोपणारच, कितीही बोलतं ठेवा. जमलं तर आदल्या संध्याकाळी नागपुरात मुक्कामाला यावं आणि पहाटे उठवायचं काम इथेच करावं. ऐकण्याची तपासणी राहिलेली असेल तर बेरा आणि ईईजी एकाच दिवशी मागावेत, गुंगीचं औषध एकदाच पडतं. मेडिकल, मेयो, एम्स कुठेही असो, दोन विभागांच्या तारखा जुळवायला लागतात, त्यामुळे पहिल्याच फेरीत सांगून ठेवायचं.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) भाषेतला उशीर हा तपासायच्या यादीत आहेच. अंगणवाडी-शाळेत येणाऱ्या पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. ती घेऊन या.

एक विचारायचं होतं. गुंगीचं सिरप घरीच पाजून निघा, असं काहींना सांगितलं जातं. ते बरोबर आहे का?

---

बालचेता

नाही. ट्रायक्लोफॉस असो की दुसरं काही, घरी किंवा वाटेत अजिबात नाही. मान पुढे पडून श्वास अडकला तर ऑटोत कोण पाहणार? वजनावर मोजलेली मात्रा, दवाखान्यात, ऑक्सिजन मोजणारं यंत्र बोटाला लावून, आणि पूर्ण जागं होऊन घोट घेईपर्यंत घरी सोडायचं नाही. मोठे टॉन्सिल, घोरणं, सर्दी-कफ असेल तर आधीच सांगायचं.

पहिली पसंती नैसर्गिक झोप. ती नाही जमली तर मेलाटोनिन, त्याने झोपेचा आलेख फारसा बदलत नाही. डायझेपाम गटातली औषधं मात्र स्पाइक दाबतात आणि वेगवान बीटा लहरी वाढवतात. ज्यासाठी आलेख काढला तेच पुसलं जातं. मूल आधीच क्लोबाझाम (याच गटातलं झटक्यांचं औषध) घेत असेल तर बंद करायचं नाही, पण मागणीच्या चिठ्ठीवर नाव आणि मात्रा लिहायची, वाचणाऱ्याला ते कळायला हवं.

---

गोरेवाडा

काऊन जी, इतकं सगळं आहे तर बोलण्यात मागे असलेल्या प्रत्येकच लेकराचा ईईजी काढून टाकला तर बिघडते काय? काही असलं तर सापडेल, नसलं तर नसलं. खर्चही एमआरआयइतका नाही.

---

बालचेता

गोरेवाडाभाऊ, बिघडतं. ज्यांना कधी झटका आला नाही, ज्यांच्यात काही दोष नाही, अशाही मुलांपैकी काही टक्के मुलांच्या आलेखात स्पाइक सापडतात. कानाच्या वरच्या मध्य-टेंपोरल भागातले स्पाइक तर झोपेत चांगलेच वाढतात आणि वयात येता-येता आपोआप मावळतात. भाषेची अडचण असलेल्या मुलांत अशा लहरी जरा जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत, पण ज्याच्या आलेखात स्पाइक जास्त त्याची भाषा जास्त वाईट, असा सरळ हिशोब निघालेला नाही. अडचण आणि स्पाइक दोन्ही एकाच मुळाची फळं असू शकतात. जीआरआयएन२ए या जनुकातल्या बिघाडात नेमकं असंच दिसतं, आणि २०१३ मध्ये लँडाऊ-क्लेफनरशी त्याचा संबंध सापडला.

आता सरसकट काढला, एक-दोन स्पाइक दिसले, की पुढे काय होतं? गोळी सुरू होते. दोन वर्षं चालते. गोळीची पेंग, चिडचिड वेगळी, आणि वाचा-उपचार मागे पडतो, कारण घरच्यांना वाटतं आता औषध चालू आहे, आपोआप बोलेल. आलेखावर औषध द्यायचं नाही, मुलावर द्यायचं.

उलट बाजूही सांगतो. भाषा खरंच गेलेली आहे आणि झोपेचा आलेख स्पाइकनी भरलेला आहे, तिथे वेळ दवडू नये. तिथे क्लोबाझाम, व्हाल्प्रोएट, इथोसक्सिमाइड, स्टेरॉइड असे पर्याय असतात, मुलागणिक ठरतात. आणि कार्बामाझेपिन गटाची औषधं काही मुलांत झोपेतले स्पाइक आणखी वाढवतात. झटके थांबले पण भाषा-वागणूक घसरली, तर ही शंका घेऊन पुन्हा झोपेचा ईईजी काढायचा.

---

संत्राबर्फी

पटलं. रिपोर्टवर 'एसडब्ल्यूआय ६८%' असं काहीतरी असतं, ते मोजतात कसं? पालक हा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा पाहतात.

---

मेंदूआलेख

स्पाइक-वेव्ह इंडेक्स. रेम (डोळे भराभर फिरतात ती स्वप्नांची झोप) सोडून बाकीच्या झोपेचे सेकंद मोजायचे, त्यातल्या किती सेकंदांत निदान एक तरी स्पाइक-लहर आहे ते मोजायचं, आणि टक्केवारी काढायची. अर्धा तास झोप म्हणजे १८०० सेकंद. त्यांतल्या १२२४ सेकंदांत स्पाइक सापडला तर १२२४ भागिले १८००, म्हणजे ६८ टक्के. एका सेकंदात तीन स्पाइक असले तरी तो सेकंद एकदाच धरायचा. काही ठिकाणी सेकंद न मोजता मिनिटाला किती स्पाइक ते लिहितात. या दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं-घटलं' म्हणता येत नाही. पुढच्या वेळी तुलना करायची असेल तर त्याच पद्धतीने, शक्यतो झोपेच्या त्याच टप्प्यात.

मोजणी कुठे केली हेही पाहावं. पहिल्या झोपेत जास्त असतं, पहाटे कमी होतं. रेम झोपेत तर स्पाइक एकदम विरळ होतात. दुपारच्या डुलकीतला अर्धा तास चाळणीला पुरतो, पण शंका पक्की असेल तर रात्रभराची नोंद.

जुन्या व्याख्येत ८५ टक्के हवे होते. आता बरेच जण ५० टक्क्यांपासून गंभीर धरतात. पण डॉक्टर म्हणाले तेच खरं, आकडा एकटा निदान नाही. आकडा ५० च्या वर आणि भाषा-वागणूक-शिकणं घसरलेलं किंवा थांबलेलं, या दोन्ही गोष्टी सोबत लागतात.

चुकून स्पाइक समजल्या जाणाऱ्या गोष्टीही सांगतो, कारण 'अबनॉर्मल' शिक्का यांतूनच बसतो. पेंग येताना लहान मुलांत ३ ते ५ हर्ट्झच्या उंच लहरींचा लोंढा येतो, त्याचं नाव हिप्नॅगॉजिक हायपरसिंक्रनी. पूर्ण निरोगी. मध्ये बारीक टोक मिसळलं की स्पाइक-लहरीसारखा दिसतो. दुसरी गोष्ट डोक्याच्या माथ्यावरच्या व्हर्टेक्स लहरी. मुलांत त्या टोकदार असतात आणि ओळीने येतात. आणि झोपेत संदर्भ म्हणून (ज्याच्याशी तुलना करून बाकीचे मोजतात तो इलेक्ट्रोड) माथ्यावरचा सीझेड घेतला तर त्या सगळ्या चॅनेलवर उमटतात. कानाचा संदर्भ घेतला तर टेंपोरल स्पाइक कानातच जातो आणि सगळीकडे उलटा दिसतो. म्हणून दोन वेगळ्या जोडण्यांत पाहिल्याशिवाय लिहू नये. खऱ्या मध्य-टेंपोरल स्पाइकची ओळख अशी की टोक कानाच्या वर ऋण आणि त्याच क्षणी कपाळाकडे धन असतं.

रिपोर्टमध्ये एवढं असायलाच हवं: झोप लागली का आणि किती मिनिटं, कोणता टप्पा गाठला, स्पिंडल (दुसऱ्या टप्प्यातले वेगवान लहरींचे झुबके) दिसले का, दोन्ही बाजू सारख्या होत्या का, स्पाइक कुठे आणि जागेपणी किती, झोपेत किती, औषध काय दिलं होतं. 'अबनॉर्मल ईईजी, कृपया क्लिनिकली पडताळा' एवढीच एक ओळ असेल तर परत जाऊन विचारा, संकोच करू नका.

---

ध्वनिवेल

स्पिंडलचा विषय निघालाच आहे तर. मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमधून उठणारा ११ ते १६ हर्ट्झचा, अर्धा सेकंद ते दोन-तीन सेकंद टिकणारा झुबका. हलक्या झोपेच्या दुसऱ्या टप्प्याची ही खूण. बाळाच्या दुसऱ्या महिन्यापासून दिसायला लागतो. दिवसा शिकलेलं रात्री पक्कं होतं त्यात याचा आणि संथ लहरींचा हात असतो.

हे नुसतं बोलणं नाही. ९ ते १६ महिन्यांच्या बाळांना नव्या वस्तूंची नावं शिकवली तेव्हा डुलकी घेतलेल्यांनाच ते नाव त्याच जातीच्या नव्या वस्तूला लावता आलं, आणि त्याचा संबंध त्या डुलकीतल्या स्पिंडलशी दिसला (२०१५). ७ ते १२ वर्षांच्या मुलांना सकाळी किंवा संध्याकाळी बनावट शब्द शिकवले. मधे झोप झाली की शब्द जास्त आठवले आणि डोक्यातल्या जुन्या सारख्या शब्दांशी त्यांची टक्करही सुरू झाली, म्हणजे ते शब्दसंग्रहात खरोखर बसले (२०१२).

डीएलडीचं काय? तरुण वयातल्या डीएलडी असलेल्यांनी परक्या भाषेतले ध्वनी दिवसा इतरांइतकेच शिकले, पण रात्रीच्या झोपेने इतरांना जो फायदा दिला तो त्यांना मिळाला नाही, असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. लहान मुलांबाबत चित्र अजून एकसारखं नाही, म्हणून 'तुमच्या मुलाचे स्पिंडल कमी आहेत' असं कोणी नेहमीच्या ईईजीवरून सांगितलं तर मान हलवू नका. त्यासाठी रात्रभराची नोंद आणि स्पिंडल मोजणारं वेगळं गणित लागतं. ते संशोधनाचं काम आहे, ओपीडीचं नाही.

घरी करायचं ते असं. नवीन शब्द एका वेळी पाच-सहाच. डीएलडी असलेल्या मुलाला एक शब्द समवयस्कापेक्षा साधारण दुप्पट वेळा ऐकावा लागतो, म्हणून संध्याकाळी खेळता-जेवताना प्रत्येक शब्द वेगवेगळ्या वाक्यांत: 'वाटी उपडी पडली', 'उपडी वाटी सरळ कर', 'माठ उपडा ठेव'. इथे लिंगही बदललं पाहा, आपल्या भाषेत ते फुकट मिळतं. झोपण्याआधी एकदा म्हणवून घ्या, पण मोबाइलवर नाही. सकाळी उठल्यावर वस्तू दाखवून विचारा, नाव आधी सांगू नका. आठवायला लागणं हाच सराव. नाही आठवलं तर पहिलं अक्षर द्या. तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. वीस शब्द एका बैठकीत घोकून घेण्यापेक्षा हे टिकतं.

झोपेचे तास: ३ ते ५ वर्षांना डुलकी धरून १० ते १३, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२. नागपुरी उन्हाळ्यात रात्री साडेअकरापर्यंत गच्चीवर आणि सकाळच्या शाळेसाठी सहाला उठवलं, तर हिशोब तिथेच चुकतो.

---

वैनगंगा

ताई, घोरणाऱ्या मुलांचं राहिलं. वर्गातली पेंगणारी, तोंड उघडं ठेवणारी पोरं.

---

बालचेता

बरोबर पकडलंत. नाकामागची अॅडेनॉइड गाठ वाढली की दोन गोष्टी एकदम होतात. मधल्या कानात पाणी साठून ऐकणं कमी-जास्त होतं, आणि झोपेत श्वास अडून झोप तुटते. मुलांत तासाला एकाहून जास्त वेळा श्वास अडणं हेच असामान्य धरतात. मोठ्या माणसाचा पाचचा आकडा इथे लावू नका. कान ठीक असताना बेरा काढला असेल आणि पावसाळ्यात कान पुन्हा भरला असेल, तर टिम्पॅनोमेट्री (मधल्या कानात पाणी आहे का, याची तपासणी) नव्याने करावी. घोरणं रोजचं, श्वास थांबून खडबडून जागं होणं, अंथरुण ओलं होणं पुन्हा सुरू झालेलं, यांपैकी काही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. ईईजी नंतर. श्वासाचे पट्टे न लावता काढलेल्या ईईजीत हा प्रकार दिसत नाही, त्याला पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे श्वासासकट झोपेची तपासणी, लागते.

आणखी एक, पालकांनी रात्री पाहायचं. झोप लागल्यावर किंवा पहाटे तोंडाच्या एका बाजूला झटके, घशातून घर्र आवाज, लाळ, शुद्ध असूनही काही वेळ बोलता न येणं. मोबाइलवर व्हिडिओ काढा, दिवा लावून, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, निदान एक मिनिट. दहा पानी वर्णनापेक्षा तो व्हिडिओ कामाचा.

---

संत्राबर्फी

अवांतर : ईईजी अबनॉर्मल आला तर अपंगत्व प्रमाणपत्र मिळतं असं ऐकवतात, म्हणून काही जण मुद्दाम काढायला पाहतात.

---

वैनगंगा

ईईजीवर प्रमाणपत्र मिळत नाही. २०१६ च्या कायद्यातली 'वाचा आणि भाषा दिव्यांगता' ही स्वरयंत्र काढणं, वाचाघात अशा शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमच्या अडचणीसाठी आहे. डीएलडी त्यात सहज बसत नाही. मोठेपणी वाचन-लेखन अडलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी वेगळी होते आणि शाळेतल्या सवलती त्यावरून मिळतात. तोवर वाचा-उपचाराच्या नोंदी तारखेनिशी फायलीत लावत जा, पुढे त्याच कामी येतात.

---

मेंदूआलेख

एक राहिलंच. आलेख संपल्यावर पेस्ट कोमट पाण्याने आधी भिजू द्या, मग शाम्पू. कोरडी असताना कंगवा घातला तर केस तुटतात आणि पुढच्या वेळी लेकरू डोक्याला हात लावू देत नाही. पुढच्या तारखेला तोच सगळ्यात मोठा अडथळा ठरतो.